‘मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नाचे पुढे काय होते

लहान मुलांना मोठी माणसे जे प्रश्न विचारतात, त्यांत ‘मोठेपणी तू कोण होणार?’ हा प्रश्न हमखास असतो. मराठीत तो ‘कोणते काम करणार?’ असा सहसा विचारला जात नाही, ‘कोण होणार?’ असाच विचारला जातो. म्हणजे ज्या वयात मुलाला बुटाची नाडी बांधता येत नाही, त्या वयात आपण त्याच्याकडे त्याची भावी ओळख मागतो, आणि मूलही मग ती ओळख एका शब्दात देऊन मोकळे होते: वैमानिक, डॉक्टर, शिक्षिका, अंतराळवीर. त्या शब्दामागे त्याच्या मनात नेमके काय असते, याची चौकशी फारसे कोणी करत नाही. मी स्वतः सहाव्या वर्षी आगगाडीचा चालक होणार होतो आणि मनाला येईल तेव्हा शिटी वाजवता येईल, याखेरीज त्यामागे दुसरे कोणतेही कारण नव्हते.

तीस वर्षांनी पाहावे, तर वैमानिक होऊ पाहणारा विमा कंपनीत दावे तपासत असतो आणि शिक्षिका होणारी मुलगी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता-तपासणीचे काम बघत असते. असे का झाले, याचे सर्वांच्या तोंडी असलेले स्पष्टीकरण म्हणजे गुण कमी पडले, पैसे कमी पडले किंवा घरच्यांनी नकार दिला. हे स्पष्टीकरण खोटे नाही, पण ते अपुरे आहे. कारण त्यात असे गृहीत धरलेले असते की स्वप्न तोपर्यंत शाबूत होते आणि एखाद्या निकालाच्या दिवशी ते अचानक मोडले. व्यवसायनिवडीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी आणि अर्थशास्त्रज्ञांनी गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जे मांडले आहे, त्यावरून निराळे चित्र उभे राहते. स्वप्न मोडण्याच्या कितीतरी आधी ते आकसलेले असते, आणि हे आकसणे इतक्या लहान वयात व इतक्या मुकाट्याने होते की ज्याचे स्वप्न आकसते त्याला त्याचा पत्ताही नसतो.

कुंपण कधी पडते?

या विषयाची पहिली मोठी मांडणी अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ एली गिन्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ साली केली. त्यांच्या मते साधारण अकराव्या वर्षापर्यंत मूल कल्पनेत वावरते आणि ‘मला हवे म्हणजे मी होणार’ असे मानते. अकरा ते सतरा या वयात ते आपली आवड, कुवत आणि मूल्ये चाचपून पाहते. आणि सतराव्या वर्षानंतर बाहेरच्या जगाशी तडजोड सुरू होते. ही प्रक्रिया एकदा पुढे गेली की मागे फिरत नाही, असेही त्यांनी आरंभी म्हटले होते. मात्र पुढे दोन दशकांनी गिन्झबर्ग यांनीच हा दावा मागे घेतला आणि व्यवसायनिवड आयुष्यभर चालू राहते, असे मान्य केले. आपल्याच सिद्धान्ताची अशी दुरुस्ती करणारे अभ्यासक विरळा असतात, म्हणून हे मुद्दाम नोंदवले.

गिन्झबर्ग यांच्या मांडणीत एक गोष्ट राहून गेली होती. अकराव्या वर्षापर्यंतचा काळ त्यांनी निव्वळ कल्पनेचा मानला, म्हणजे एका अर्थी निरुपद्रवी मानला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ साली नेमके तेथेच बोट ठेवले. बालपण हा स्वप्ने पाहण्याचा काळ तर आहेच, परंतु तो स्वप्ने वगळण्याचाही काळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मूल काय निवडते यापेक्षा ते काय बाद करते, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

त्यांनी सांगितलेला क्रम असा आहे. तीन ते पाच या वयात मुलाला एवढेच कळते की मोठी माणसे मोठी असतात, त्यांच्या हाती शक्ती असते आणि ती कामे करतात. आपणही एक दिवस त्यांच्यासारखे होणार, हे त्याला उमगते आणि म्हणून ते वाघ किंवा परी होण्याचा बेत सोडून माणसांचे एखादे काम निवडू लागते. सहा ते आठ या वयात ‘हे बायकांचे काम’ आणि ‘हे पुरुषांचे काम’ अशी विभागणी मनात पक्की होते आणि तिच्या पलीकडची कामे गळून पडतात. नऊ ते तेरा या वयात मुलाला समाजातील उच्चनीचता कळू लागते; कोणत्या कामाला मान आहे, कोणत्या कामाने आपली आणि घरच्यांची मान खाली जाईल, आणि उलट कोणते काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, हे ते हेरते. चौदाव्या वर्षानंतर कुठे त्याला स्वतःची आवड, स्वभाव आणि कौशल्ये यांचा विचार सुचतो.

शेताचे उदाहरण घेतले तर हे नीट समजेल. एका बाजूचे कुंपण स्त्री-पुरुष भेदाचे असते, खालचे कुंपण प्रतिष्ठेचे असते आणि वरचे कुंपण ‘एवढे आपल्याला झेपणार नाही’ या समजुतीचे असते. चौदा वर्षांच्या मुलाला आपण सांगतो की तुझ्या आवडीप्रमाणे निवड कर. परंतु तोपर्यंत तिन्ही बाजूंची कुंपणे घातली गेलेली असतात आणि त्याची आवड उरलेल्या तुकड्यातच फिरते. जी कामे कुंपणाबाहेर राहिली, ती त्याने नाकारली असे म्हणणेही बरोबर नाही. त्या कामांचा विचार करण्याची वेळच त्याच्यावर कधी आलेली नसते.

हे नुसते तर्काचे इमले नाहीत. १९६६ ते १९७७ या काळात शाळकरी मुलांना ‘एका शास्त्रज्ञाचे चित्र काढा’ असे सांगण्यात आले. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ साली त्या ४,८०७ चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा स्त्री शास्त्रज्ञाची चित्रे निघाली फक्त २८, आणि ती सर्व मुलींनी काढलेली होती. बाकीच्या कागदांवर पांढरा कोट, चष्मा आणि पुष्कळदा दाढी होती. नंतरच्या दशकांत परिस्थिती बरीच सुधारली. अमेरिकेत झालेल्या अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली घेण्यात आला, तेव्हा १९८० च्या दशकानंतरच्या चित्रांमध्ये सरासरी २८ टक्के शास्त्रज्ञ स्त्रिया असल्याचे आढळले. मात्र त्याच आढाव्यात असेही दिसले की मुलांचे वय जसे वाढते तसे पुरुष शास्त्रज्ञाचे चित्र काढण्याचे प्रमाणही वाढत जाते.

याहून अस्वस्थ करणारा प्रयोग २०१७ सालचा आहे. लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांनी पाच, सहा आणि सात वर्षांच्या मुलांना एका ‘फार फार हुशार’ व्यक्तीची गोष्ट सांगितली आणि काही छायाचित्रे दाखवून त्यांतील ती व्यक्ती कोण असेल, असे विचारले. पाच वर्षांची मुले पुरुषाकडे आणि मुली स्त्रीकडे बोट दाखवत होत्या. दोघांनाही आपापल्या बाजूचा अभिमान सारखाच होता. सहाव्या वर्षी मात्र मुलींचा हात स्त्रीकडे कमी वेळा वळू लागला. गंमत म्हणा की दुर्दैव, वर्गात चांगले गुण कोणाला मिळतात असे विचारल्यावर त्याच मुली मुलींचेच नाव घेत होत्या. गुण मुलींचे आणि बुद्धी मुलांची, असा हा सहाव्या वर्षीचा निवाडा आहे, आणि तो देणाऱ्या मुलीने तोवर धड भागाकारही केलेला नसतो.

दिसते तेवढेच स्वप्न

कुंपणाच्या आतल्या तुकड्यातही मुलाला सर्व काही दिसते असे नाही. येथे मला अपोलो मोहिमांचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते. १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर उतरलेली माणसे १२ होती. त्या मोहिमांसाठी ज्यांनी काम केले, त्यांची संख्या नासा सुमारे ४ लाख सांगते. त्यांत धातूंचे जोड तपासणारे होते, गणिते करणारे होते, इंधनाच्या टाक्यांवरील आवरण बनवणारे होते आणि अंतराळवीरांचे पोशाख हाताने आणि शिलाई यंत्रावर शिवणाऱ्या स्त्रियाही होत्या. ते पोशाख बनवणारी कंपनी स्त्रियांची अंतर्वस्त्रे बनवणाऱ्या व्यवसायातून पुढे आली होती आणि टाका सूतभर चुकला तर आतला माणूस निर्वात पोकळीत प्राणाला मुकेल, हे शिवणाऱ्यांना ठाऊक होते. त्या काळात लक्षावधी मुलांनी अंतराळवीर व्हायचे ठरवले. मोठेपणी मी अंतराळ-पोशाखाचा शिंपी होणार, असे किती मुलांनी म्हटले असेल?

मुलाचे उत्तर हे भविष्याचे भाकीत नसते. त्याच्या डोळ्यांसमोर कोणती कामे आहेत, याचा तो अहवाल असतो. डॉक्टर, शिक्षक, पोलीस ही माणसे मुलाला प्रत्यक्ष भेटतात आणि खेळाडू, कलाकार पडद्यावर भेटतात. पाण्याची शुद्धता मोजणारा रसायनतज्ज्ञ, बंदरावर मालाची नोंद ठेवणारा अधिकारी, विम्याच्या हप्त्याचे गणित बसवणारा संख्याशास्त्रज्ञ या माणसांवाचून रोजचा व्यवहार चालत नाही, पण ती मुलाला कधीच दिसत नाहीत. २०१८ साली ‘ड्रॉइंग द फ्यूचर’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत सात ते अकरा वर्षांच्या सुमारे २०,००० मुलांनी आपल्या भावी कामाची चित्रे काढली, तेव्हा खेळाडू हे उत्तर सर्वांत वर आले. आणि आपल्याला या कामाची माहिती शाळेत येऊन बोललेल्या एखाद्या व्यावसायिकाकडून मिळाली, असे सांगणारी मुले एक टक्काही नव्हती.

वय वाढल्यावर हे क्षितिज आपोआप रुंदावते, असे समजण्याचे कारण नाही. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या २०१८ सालच्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांना विचारण्यात आले की तिसाव्या वर्षी तुम्ही कोणते काम करत असाल. ज्या ४१ देशांची तुलना करता येत होती, त्यांत ५३ टक्के मुलींनी आणि ४७ टक्के मुलग्यांनी केवळ दहा लोकप्रिय व्यवसायांपैकी एकाचे नाव घेतले. २००० साली हेच प्रमाण अनुक्रमे ४९ आणि ३८ टक्के होते. इंटरनेटमुळे सगळे जग मुठीत आले असे म्हटले जाते, त्याच वर्षांत किशोरवयीनांची स्वप्ने मोजक्या व्यवसायांत अधिकच दाटीवाटीने बसली.

स्वप्न दिसण्यावर अवलंबून असते, याचा सर्वांत भक्कम पुरावा राज चेट्टी, जॉन व्हॅन रीनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. अमेरिकेतील १२ लाख संशोधकांच्या, म्हणजे पेटंट नोंदवलेल्या व्यक्तींच्या, बालपणापर्यंत त्यांनी नोंदींच्या आधारे माग काढला. उत्पन्नाच्या बाबतीत सर्वांत वरच्या एक टक्का कुटुंबांतील मुले, निम्म्याहून खालच्या कुटुंबांतील मुलांच्या तुलनेत संशोधक होण्याची शक्यता दहापट होती. श्रीमंतांची मुले अधिक हुशार असतात असा आक्षेप येथे येईल, म्हणून त्यांनी तिसरीच्या गणिताचे गुणही पाहिले. गुणांच्या फरकाने या दरीचा एक तृतीयांश भागही भरून निघाला नाही. मुद्दा वेगळाच निघाला. ज्या परिसरात मूल वाढते, तेथे ज्या प्रकारचे संशोधक असतात, त्याच प्रकारचे संशोधन ते पुढे करते. आणि एखाद्या तंत्रशाखेत स्त्री संशोधक जेथे जास्त होत्या, तेथे वाढलेल्या मुली त्याच शाखेत जाण्याचे प्रमाण वाढले. पुरुष संशोधक शेजारी असल्याचा मुलींवर तसा परिणाम झाला नाही.

असाच प्रकार पश्चिम बंगालमधील ४९५ गावांच्या अभ्यासात दिसला, जो एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे, लोरी बीमन आणि पेटिया टोपालोवा यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. सरपंचपदाच्या आरक्षणामुळे जेथे लागोपाठ दोनदा स्त्री प्रमुख झाली होती, तेथे किशोरवयीन मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांमधील अंतर सुमारे ३२ टक्क्यांनी कमी झाले आणि शिक्षणातील तफावत तर नाहीशीच झाली. तेथे मुलींसाठी वेगळ्या नोकऱ्या निघाल्या नव्हत्या. खुर्चीवर एक बाई बसलेली दिसत होती, एवढाच काय तो फरक होता.

तडजोडीचा हिशेब

यानंतर येते ती तडजोड, आणि तीच आपल्या लक्षात राहते, कारण ती उघड्या डोळ्यांनी केलेली असते. तिच्यातला एक भाग निव्वळ अंकगणिताचा आहे. नासाने २०१७ साली निवडलेल्या अंतराळवीरांच्या तुकडीसाठी १८,३०० हून अधिक अर्ज आले होते आणि निवड झाली १२ जणांची. उरलेल्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. जागाच तेवढ्या होत्या. ज्या कामाचे स्वप्न फार मुले पाहतात आणि ज्याच्या जागा फार थोड्या असतात, त्या कामाबाबत अपयश हा व्यक्तीचा दोष नसून भागाकाराचे उत्तर असते. तरीही माणसे ते उत्तर स्वतःच्या नालायकीच्या खात्यावर लिहितात.

तडजोड करताना माणूस आधी काय सोडतो? गॉटफ्रेडसन यांचे उत्तर धक्कादायक आहे. त्यांच्या मते आधी सुटते ती आवड, त्यानंतर प्रतिष्ठा आणि सर्वांत शेवटी स्त्री-पुरुष भेदाची चौकट. कारण जे मनात आधी रुजले ते अधिक खोल गेलेले असते आणि आवड सर्वांत उशिरा आलेली असते. समजा, एका मुलाला लहान मुलांमध्ये रमायला आवडते आणि त्याने बालरोगतज्ज्ञ व्हायचे ठरवले आहे. वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही, तर त्याच्या आवडीच्या सर्वांत जवळचे काम बालवाडीतील शिक्षकाचे असते. पण प्रत्यक्षात तो संगणकशास्त्राकडे किंवा व्यवस्थापनाकडे वळण्याची शक्यता अधिक असते. त्यात मुले कुठेच नसतात, पण मान असतो आणि ‘पुरुषाने बालवाडीत शिकवायचे?’ हा प्रश्न उद्भवत नाही. हा अग्रक्रम नेमका असाच असतो का, याविषयी नंतरच्या अभ्यासांचे एकमत झालेले नाही, आणि तडजोड छोटी असेल तर माणसे आवड बऱ्याच अंशी राखतात असेही दिसते. तरीही आपल्या ओळखीतील चार जणांच्या निवडी या हिशेबाने तपासून पाहाव्यात. मला तरी तो बऱ्याचदा जुळताना दिसला आहे.

स्वप्नाशेजारचे काम स्वीकारण्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे आहे. त्यांना हवाई दलात वैमानिक व्हायचे होते. डेहराडून येथील निवडीत २५ उमेदवारांमध्ये ते नववे आले आणि जागा आठच होत्या. त्यानंतर त्यांनी संरक्षण खात्याच्या तांत्रिक विभागात नोकरी धरली, म्हणजे उड्डाणाचा विषय सोडला नाही, फक्त चालकाची जागा सोडली. ८ जून २००६ रोजी, वयाच्या ७४ व्या वर्षी, राष्ट्रपती असताना त्यांनी सुखोई-३० विमानातून उड्डाण केले. या कथेचा उपयोग सहसा जिद्दीचे गुणगान गाण्यासाठी केला जातो. मला तिच्यातील दुसरी बाब महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तडजोड करताना त्यांनी आवड सर्वांत आधी सोडली नाही, आणि म्हणून जे हाती आले ते स्वप्नापासून फार दूरचे नव्हते.

योगायोग आणि त्याची पूर्वतयारी

कुंपण, दृष्टी आणि तडजोड यांचा हिशेब मांडल्यावरही बऱ्याच माणसांच्या कामाचा उलगडा होत नाही, कारण त्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. चार्ल्स डार्विन यांना वडिलांनी १८२५ साली डॉक्टर होण्यासाठी एडिंबरोला पाठवले. भूल न देता केलेल्या शस्त्रक्रिया पाहून त्यांनी ते शिक्षण सोडले. मग वडिलांनी धर्मोपदेशक करण्याच्या उद्देशाने केंब्रिजला पाठवले, तर तेथे त्यांचा वेळ भुंगेरे गोळा करण्यात गेला. एकदा दोन्ही हातांत एकेक भुंगेरा असताना तिसरा दिसला, म्हणून त्यांनी हातातला एक तोंडात धरला आणि त्याने सोडलेल्या जळजळीत द्रवाने जीभ भाजून घेतली. १८३१ साली बीगल जहाजावर निसर्ग-अभ्यासक हवा असल्याचे पत्र आले, ते आधी दुसऱ्याने नाकारल्यानंतर. वडिलांचा विरोध मामांनी मोडून काढला, आणि जहाजाचे कप्तान फिट्झरॉय तर डार्विन यांच्या नाकाच्या ठेवणीवरून हा माणूस प्रवासात टिकणार नाही, अशा समजुतीने त्यांना नकार देण्याच्या बेतात होते. ‘मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नाचे उत्तर येथे एका नाकावर अडले होते.

जॉन क्रमबोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अशा प्रसंगांना सिद्धान्ताचे रूप दिले आणि त्याला ‘नियोजित योगायोग’ असे वरवर विसंगत वाटणारे नाव दिले. त्यांचे म्हणणे असे की योगायोग कोणावर कधी येईल हे हातात नसते, पण तो आला तर उपयोगी पडावा इतकी कुतूहलाची, चिकाटीची, लवचिकतेची आणि धोका पत्करण्याची सवय अंगी बाणवता येते. डार्विन यांना ते पत्र मिळाले, कारण प्राध्यापक हेन्स्लो त्यांना ओळखत होते. आणि हेन्स्लो त्यांना ओळखत होते, कारण अभ्यासक्रमात नसलेल्या वनस्पतिशास्त्रासाठी हा विद्यार्थी त्यांच्याबरोबर तासन् तास भटकत असे. तोंडात धरलेला भुंगेराही एका अर्थी पूर्वतयारीच होता. मला या सिद्धान्ताची एक बाजू लंगडी वाटते. ज्याच्यापाशी धोका पत्करण्याइतका पैसा आणि पाठबळ असते, त्याच्या वाट्याला येणारे योगायोगही अधिक फळतात, आणि डार्विन यांचे वडील श्रीमंत डॉक्टर होते.

काही कामे बालपणी निवडता येत नाहीत याचे साधे कारण म्हणजे ती तेव्हा नसतात. डेव्हिड ऑटर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील जनगणनेच्या नोंदी चाळल्या, तेव्हा २०१८ साली तेथील सुमारे ६० टक्के लोक अशा नावांच्या कामांत होते, जी १९४० साली अस्तित्वातच नव्हती. उलट ‘कॉम्प्युटर’ हे एकेकाळी माणसाच्या नोकरीचे नाव होते, आकडेमोड करणाऱ्याच्या नोकरीचे. ती नोकरी गेली आणि नाव यंत्राला राहिले.

मग बालपणीच्या उत्तराला काहीच अर्थ नाही का?

असे म्हणणे घाईचे ठरेल. रॉबर्ट ताई आणि सहकाऱ्यांनी २००६ साली एका दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष मांडले. १९८८ साली आठवीत असलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तिसाव्या वर्षी काय करत असाल, असे विचारले होते. ज्यांनी विज्ञानाशी संबंधित काम सांगितले, त्यांनी पुढे भौतिक विज्ञाने किंवा अभियांत्रिकी यांतील पदवी घेण्याची शक्यता इतर पदवीधरांच्या तुलनेत ३.४ पट होती. त्याहून विचार करायला लावणारा आकडा असा, की गणितात मध्यम पण विज्ञानाची इच्छा असलेल्या विद्यार्थ्याबाबत ही शक्यता ३४ टक्के होती, तर गणितात हुशार पण तशी इच्छा नसलेल्याबाबत केवळ १९ टक्के. म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षीचे उत्तर परीक्षेच्या गुणांपेक्षाही अधिक सांगून गेले. सहाव्या वर्षीच्या आगगाडीच्या शिटीला हा नियम लावू नये. पण कुंपणे पडून गेल्यानंतर जे स्वप्न टिकते, ते दिशा देते असे दिसते.

ज्यांचे स्वप्न अपुरे राहते, त्यांचे काय? मिशेल गॅझिका आणि पॉल स्पेक्टर यांनी २०१५ साली तीन गटांची तुलना केली. ज्यांना एखाद्या कामाची आतून हाक होती आणि ते तेच काम करत होते, असा एक गट. ज्यांना अशी हाकच नव्हती, असा दुसरा. आणि हाक होती पण काम दुसरेच करावे लागत होते, असा तिसरा. सर्वांत वाईट अवस्था तिसऱ्या गटाची होती आणि कसलीच हाक नसलेले त्यांच्यापेक्षा बरे होते. हे वाचल्यावर वाटते की स्वप्नच नसलेले बरे, पण जस्टिन बर्ग, अ‍ॅडम ग्रँट आणि व्हिक्टोरिया जॉन्सन यांनी २०१० साली दाखवले की अशी माणसे हात बांधून बसत नाहीत. शिक्षक व्हायचे राहून गेलेला व्यवस्थापक नव्या लोकांना शिकवण्याची जबाबदारी मागून घेतो, संगीतकार व्हायचे राहिलेली व्यक्ती सुट्टीच्या दिवशी साथीला बसते. पदनाम तेच राहते, पण आतले काम ती हळूहळू स्वतःच्या बाजूला ओढून घेतात. यात खेद उरतोच. कधी तर थोडेसे मिळाल्यामुळे न मिळालेले अधिकच सलते, असेही याच अभ्यासकांना आढळले.

आणि ज्यांना नेमके हवे तेच मिळाले, ते सगळे सुखी असतात, असेही नाही. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी २००९ साली अमेरिका आणि कॅनडातील प्राणिसंग्रहालयांत जनावरांची देखभाल करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक बहुतांशी पदवीधर होते, पगार अगदी बेताचा होता, आणि लहानपणापासून प्राण्यांतच राहायचे असे त्यांतील अनेकांनी ठरवलेले होते. मराठीत नोकरी, पेशा आणि व्रत असे तीन निरनिराळे शब्द आहेत. यांच्यासाठी हे काम तिसऱ्या शब्दाचे होते. त्यांना आपल्या कामात इतरांना क्वचितच लाभतो असा अर्थ सापडत होता. त्याच वेळी ते कमी पैसे, आडनिड्या वेळा आणि शारीरिक कष्ट अधिक निमूटपणे सोसत होते आणि व्यवस्थापन आपला गैरफायदा घेते की काय, अशी शंकाही त्यांच्या मनात डोकावत होती. लहानपणी ‘कोण होणार?’ या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिले होते, तेच आता त्यांच्या नेमणूकपत्रावर होते. नोकरी सोडली तर ‘आपण कोण?’ हा प्रश्न नव्याने सुरू झाला असता, आणि हे ज्या मालकाला कळते, त्याला पगारवाढीची घाई कशाला असेल?